मोजदाद

काल मध्यरात्री तिच्या डोक्यावरचा मुकुट मीच उतरवला,
पांढरा रुमाल बांधला, गाठ दोनदा ओढली.
आता सकाळ. ती पुढे, मी मागे,
माझ्या कोपरावर वेताची टोपली.

ती चुलीवर हातमोज्यांचा एक जोड ठेवते.
चुलीला हात नसतात.
तरी ठेवायचा, ठेवून कमरेत वाकायचं,
आणि ती दोन पावलं पुढे गेली की मी तो उचलायचा.
आमच्या कुर्झेमेत सून अशीच घर ओळखते.
आणि सासू अशीच सून.

उंबऱ्यावर एक. गोठ्याच्या कडीला एक.
तांबड्या गाईच्या शिंगावर ठेवला, गाईनं मान झटकली,
डार्टा हसली,
मग माझ्याकडे पाहून उरलेलं हसू गिळून टाकलं.
धान्य वाळवायच्या कोठाराला. न्हाणीघराच्या फळीला.
मधमाश्यांच्या ओंडक्याला; आत माश्या
थंडीपुरत्या मेल्यासारख्या झोपलेल्या.
विहिरीच्या रहाटाला.

बावीस. तेवीस.
बोटांना सगळं कळतं.
हा जोड गुरांमागे चालता चालता विणलेला, टाके सैल, उन्हानं विटलेले.
हा रात्रीचा: निळ्यात काळा धागा शिरलाय,
जळत्या ढलपीच्या उजेडात दिसला नसेल.
हा तापातला. अंगठा आवळून आलाय.
सातव्या वर्षी हातात पाच सुया दिल्या असतील,
आमच्यासारख्याच.
दिराला जोड, जावेला जोड, गाडीवानाला, वाजंत्र्याला,
येकाब्सला सगळ्यांत जाड, लाल झालरीचा.
येकाब्स, माझा मुलगा. अजून झोपलाय.
हिची बोटं मात्र उघडी, सांध्यांवर चिरलेली.

मी गोळा केलेले माझ्या लावीझेच्या पेटीत जातील.
चौदाची आहे, विणते वाईट.
पुढे ती दुसऱ्या कुणाच्या चुलीवर ठेवेल,
दुसरी कुणी टोपली घेऊन मागे असेल.
यातल्या काही जोडांनी तीन-तीन नवऱ्या पाहिल्यात,
हात एकही नाही.

सफरचंदाच्या झाडापाशी मी थांबले.

पहाटताऱ्याला आठ टोकं असतात.
याला सात.

मी पंधराची होते. आठव्या टोकाशी आले
आणि आई हाका मारत आली, वासरू अडलंय, ऊठ.
उठले. कोपरापर्यंत हात रक्तानं माखले.
परत बसले तेव्हा भलत्याच ओळीवर बसले.
कोण बघतंय म्हटलं.
एकोणतीस वर्षांपूर्वी याच झाडाला अडकवला होता.
सासूनं काढला. नणंदेनं वेन्ता नदीपलीकडे नेला.
पुढचं मला कुणी कशाला सांगेल.

“हा तू विणलास?”
तिच्या मानेपासून रंग चढत गेला.
“मावशीनं दिला. माझे कमी पडत होते.”
“किती?”
“चार.”

ही गोष्ट माझ्या सासूला सापडली असती
तर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्या गावाला मिळाली असती.

मी जोड झाडावरून काढला, टोपलीत टाकला नाही.
“पाणी आणायचंय. हे घाल.”
“पण हे झाडाचे...”
“झाडाला हात नसतात.”

तिनं घातले. जरा मोठे झाले तिला.
जाताना तिचा अंगठा
त्या रिकाम्या जागेवरून एकदा फिरला,
जिथं टोक यायला हवं होतं.
विचारलं नाही तिनं. मीही नाही सांगितलं.
रहाट करकरला. दोरावर दहिवर गोठलं होतं.

संध्याकाळी शेजारची त्रीने आलीच, मोजदाद ऐकायला.
“बहात्तर,” मी म्हटलं.
“सगळे तिच्या हातचे?”
“तिच्याच हातचे.”

टोपलीत एकाहत्तर होते.
हातचा एक.